पद्मतीर्थ, शेवटच्या दिवशी

॥ श्री ॥

वाशीम,
रविवार, ता. ६ जानेवारी १९५७

चि. सौ. गोमतीस दौलतरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे ता. २ चे पत्र शुक्रवारी पोहोचले. तुझ्या आई, आमच्या वहिनी, काल दुपारच्या मोटारीने केनवडहून सुखरूप आल्या. मोटार पस्तीस मिनिटे उशिरा आली. मी वेळेवर स्टँडवर हजर होतो. सोबत किसनसिंग गाडीवान आला होता. त्याने त्यांना हाताला धरून उतरविले, घरापर्यंत पोहोचविले आणि चहा घेऊन तो संध्याकाळच्या मोटारीने परत गेला. त्याचे केस आता पूर्ण पांढरे झाले आहेत. सामानात एक वळकटी, एक पितळी डबा आणि हुरड्याची पिशवी एवढेच होते. हुरडा तुझ्या काकूने रात्रीच संपविला, असे तिच्यादेखत लिहीत आहे.

तू पत्रात चार गोष्टी कळविल्या होत्या. गुडघ्याचे तेल वहिनींनी बरोबर आणले आहे आणि ते रोज सकाळी गरम करून मिळेल अशी व्यवस्था केली आहे. डाव्या डोळ्याने त्यांना दिसत नाही हे तू कळविले नसतेस तर माझ्या ध्यानात आले नसते, कारण त्या ते दिसू देत नाहीत. मी यापुढे त्यांच्या डाव्या बाजूने चालेन. दुपारी चहा दिल्याशिवाय त्या मागत नाहीत, हेही घरात सांगून ठेवले आहे.

चौथी गोष्ट. वहिनी देवदर्शनाला येत आहेत असे म्हणत असल्या, तरी पद्मतीर्थावर ज्या जागी दादांच्या अस्थी सोडल्या ती जागा त्यांना एकदा बघायची आहे आणि त्या त्याचसाठी येत आहेत, असे तू लिहिलेस. ते ध्यानात आहे.

कार्यक्रम पुढीलप्रमाणे आखला आहे. सध्या कापसाचा हंगाम भरात असल्याने जिनच्या कारखान्यात मला साडेनऊला हजर राहावे लागते. सबब सकाळी सात ते नऊ हा वेळ दर्शनाचा. उद्या विश्रांती, मंगळवारी बालाजी, गुरुवारी करुणेश्वर, शनिवारी मध्यमेश्वर आणि रविवारी ता. १३ रोजी पद्मतीर्थ. पद्मतीर्थाला पायऱ्या फार आहेत. आठवडाभर थोडे थोडे चालून गुडघ्यांना सवय झाली म्हणजे तेथे उतरणे सोपे जाईल, या हेतूने ते शेवटी ठेवले आहे.

वहिनींना हा क्रम पसंत पडला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आदी पद्मतीर्थ करू. बाकीचे देव कुठी पळून चालले?"

मी गुडघ्यांचे कारण सांगितले. त्यावर तुझी काकू चुलीपुढून म्हणाली, "याहीनं देवाइले बी पाळी लावून देल्ली बाई. मंगळवारी बालाजी कामावर नसन तं काय करता?"

दोघीही पुष्कळ वेळ हसत होत्या. कार्यक्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे.

तुझ्या शाळेत मुलींची संख्या वाढली हे वाचून समाधान वाटले. मंगरूळपीरला थंडी वाशीमपेक्षा अधिक असते, असा माझा अनुभव आहे. जपून असावे. जावईबापूंस नमस्कार सांगावा.

दौलतराव

---

॥ श्री ॥

वाशीम,
मंगळवार, ता. १५ जानेवारी १९५७

चि. सौ. गोमतीस आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ या पत्रासोबत पाठविता येत नाही, तो वहिनी येताना आणतील.

तू दोन ओळींचे कार्ड पाठवून विचारलेस की आईने जागा पाहिली का. अद्याप नाही. शनिवारी संध्याकाळी स्टेशनवरून निरोप आला की मालगाडीचे डबे रविवारी सकाळी लागतील आणि कापसाच्या गाठी त्याच वेळी भरून द्याव्या लागतील. डब्यांची वाट आम्ही अकरा दिवस पाहत होतो. त्यामुळे रविवार रद्द करावा लागला. आता येता रविवार, ता. २०, नक्की केला आहे. वहिनींनी काही म्हटले नाही. त्यांनी काही म्हटले असते तर बरे झाले असते, असे मला रविवारी दिवसभर वाटत राहिले.

इतर देवस्थाने ठरल्याप्रमाणे झाली.

बालाजीच्या देवळात गर्दी बेताची होती. मूर्ती पूर्वी धामधुमीच्या काळात जमिनीत पुरून ठेवल्या होत्या आणि फार पुढे, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, माती उकरली गेली आणि त्या सापडल्या, ही येथे सर्वांनाच ठाऊक असलेली हकीकत मी वहिनींना सांगितली. त्या बराच वेळ मूर्तीकडे उजव्या डोळ्याने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती वर्सं होते मातीत?"

"निश्चित ठाऊक नाही. पुष्कळ."

"ज्यानं पुरले त्याले तं ठाऊक असन कुठी पुरले ते. त्यानं सांगतलं नसन का कोनाले?"

"तो सांगण्यापूर्वीच गेला असेल."

"नाही तं लाजला असन," वहिनी म्हणाल्या आणि प्रदक्षिणेला निघाल्या.

मध्यमेश्वराच्या देवळात एका गृहस्थांनी आम्हांस माहिती दिली की लंकेपासून मेरूपर्यंत जी मध्यरेषा कल्पिली आहे ती याच स्थळावरून जाते, अशी प्राचीन समजूत आहे. वहिनींनी त्यांना सांगितलेले दोनदा सांगायला लावले. मग आपल्या पायांकडे बघून मला विचारले, "म्हंजे मी आता दुनियेच्या मधोमध उभी हावो?"

"समजूत तशी आहे."

"मंग केनवड कोन्त्या बाजूले आलं?"

मी दिशेने हात करून दाखविला. त्या म्हणाल्या, "तिकडची बाजू जड असन. आमच्या गावात लय माणसं अडून बसनारे हायेत." ते गृहस्थ हसले. मीही हसलो. वहिनींबरोबर मी यापूर्वी केव्हा हसलो होतो हे आठवून पाहिले, परंतु साल निश्चित करता आले नाही.

करुणेश्वराला त्या सभामंडपात टेकून बसल्या आणि वीस मिनिटे उठल्या नाहीत. मला साडेनऊची घाई होती, पण मीही शेजारी बसलो. तेथे त्यांनी दादांचा विषय काढला. तू तेव्हा लहान होतीस, म्हणून लिहितो. आमच्या आईच्या तेराव्याला, म्हणजे सन १९३५ साली, मी केनवडला दुपारी पोहोचलो आणि चारच्या सुमारास परत निघालो. दुसऱ्या दिवशी जिनमध्ये तपासणी होती. दादा भरल्या मांडवात म्हणाले, "दौलत, तुह्या घड्याळात आमच्यासाठी जागा नाही. आता पुन्हा येऊ नोको." मी त्यांचा शब्द पाळला. नऊ वर्षे गेलो नाही. पुढे त्यांना ताप आला आणि चौथ्या दिवशी सर्व संपले. किसनसिंग निरोप घेऊन आला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तीनची मोटार मिळत होती. मी त्याला 'पुढे हो, येतो' असे सांगितले आणि गेलो नाही. अग्नी चुलतभावाने दिला.

वहिनी देवळात एवढेच म्हणाल्या, "ते बोलून गेले आन रातभर दारात बसून होते. मले म्हने, परत येईन तो. त्याहीले वाटलं, तुमी वेशीपासून फिरसान."

हे मला ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहावयाची आहे. काल संक्रांतीचे जेवण झाल्यावर वहिनींनी पितळी डब्यातून एक पत्र काढले. हिरव्या खणात गुंडाळलेले होते. दादांच्या अस्थींविषयी मी सन १९४५ च्या जानेवारीत त्यांना पाठविलेले पत्र ते. तू बारा वर्षांची होतीस आणि तूच ते त्यांना मोठ्याने वाचून दाखविलेस, असे त्या म्हणाल्या. तुझे लग्न झाल्यापासून ते वाचून दाखविणारे घरात कोणी नाही. त्यांनी ते माझ्या हाती दिले आणि वाचण्यास सांगितले. मी वाचले. घड्यांवर कागद विरला आहे, परंतु अक्षर स्पष्ट आहे. वाचण्यास तीन मिनिटांहून अधिक लागू नयेत. मला अधिक लागली.

"आखीन एक डाव," त्या म्हणाल्या. "ते पायरीचं हाये ना, तेवढं."

मी तेवढे पुन्हा वाचले.

तुझी काकू आशीर्वाद कळविते. तुझी रजा शिल्लक असल्यास किती दिवसांची आहे ते कळवावे. सहज विचारीत आहे.

दौलतराव

---

॥ श्री ॥

वाशीम,
सोमवार, ता. २१ जानेवारी १९५७

चि. गोमतीस,

हे पत्र तू एकटी असताना वाचावेस. प्रकृतीची काळजी करण्यासारखे काही नाही. वहिनी ठीक आहेत, इतके पहिल्यानेच लिहून ठेवतो.

काल सकाळी सात वाजता आम्ही पद्मतीर्थावर गेलो. थंडी चांगली होती. पाण्यावर धुके होते आणि पाण्यातले महादेवाचे देऊळ अर्धेच दिसत होते. पोहणारी दोन-तीन मंडळी सोडली तर घाटावर कोणी नव्हते. वरच्या बाजूला मनकर्णाबाई म्हणून एक म्हातारी फुले आणि बेल घेऊन बसते. वहिनींनी तिच्याकडून झेंडूची फुले घेतली आणि पूर्वेच्या पायऱ्या कोणत्या ते विचारले. माझ्या जुन्या पत्रात पूर्वेच्या पायऱ्या असेच लिहिले होते.

मी त्यांच्या डाव्या बाजूने उतरत होतो. त्या मोजीत होत्या. तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या, खाली पाण्याकडे बघितले आणि मला विचारले, "भाऊजी, तिसरी म्हंजे वरून तिसरी का पान्यापासून तिसरी?"

गोमती, मी तीस वर्षे हिशेबनिसांवर, तोलाऱ्यांवर आणि इंजिनवाल्यांवर देखरेख करतो. माझ्या लिहिण्यात राहिलेला असा दोष मी दुसऱ्याच्या लिहिण्यात चालू दिला नसता. तिसरी पायरी, पण कोठून मोजून, हे मी लिहिले नव्हते. आणि त्या वेळी पाणी किती होते हेही मला सांगता येईना.

मी म्हणालो, "पाण्यापासून."

त्या खाली गेल्या. पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर गुडघे धरून बसल्या. फुले ठेवली, पदराने दगड पुसला आणि त्यावर हात ठेवून दादांशी बोलू लागल्या. मोठ्याने नव्हे, पण मी जवळच होतो. "पाहा, मी म्हनत होतो ना तुमाले. दौलतभाऊजी येतीन. आगीले नाही आले तं पान्याले आले. आता राग नोका ठेवू."

वरून मनकर्णाबाईने हाक मारली, "बाई, काय करून राह्यल्या तिथी?"

वहिनींनी सांगितले की येथे आमच्या घरच्यांच्या अस्थी सोडल्या होत्या. ती म्हातारी खाली आली. "नाही वं माय. इथी नाही टाकत अस्थी. इथी लोक आंघोळी करतात. अस्थीची जागा वेगळी हाये, त्या तिकडच्या कुंडात. तिथीच ते इरतात. मी इथी बसतो त्याले पंचवीस वर्सं झाले, कोनी इकडून टाकल्या नाहीत. टाकू बी देत नाहीत."

तिने हात करून जागा दाखविली. मी वाशीममध्ये सन १९२७ पासून राहतो. अस्थी वेगळ्या कुंडात सोडतात ही गोष्ट येथील लहान मुलालाही ठाऊक असते. मला ठाऊक नव्हती.

वहिनी तिला म्हणाल्या, "तुले ठाऊक नसन बाई. आमच्या भाऊजीनं इथूनच सोडल्या. साडेसात वाजता. माह्याजवळ त्याहीच्या हातचं पत्र हाये. ते बियेकॉम हायेत, खोटं लिवत नाहीत." आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून तो हिरवा खण काढण्यास सुरुवात केली.

मी म्हणालो, "वहिनी, उठा. ही पायरी नाही."

"मंग कोन्ती?"

"कोणतीच नाही."

त्यांना उमगले नाही. म्हणून मी संपूर्ण वाक्य उच्चारले. मी अस्थी सोडल्या नाहीत. त्या माझ्या जिनच्या कार्यालयातील कपाटात आहेत.

मनकर्णाबाई फुलांकडे निघून गेली. तिने त्यानंतर आमच्याकडे बघितले नाही. या बाईविषयी मला आदर वाटतो.

तुलाही संपूर्ण लिहितो, कारण त्या वेळी पत्र तू वाचले होतेस आणि दुरुस्तीही तुझ्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

किसनसिंग अस्थींची पुरचुंडी घेऊन आला तो दादांच्या मृत्यूनंतर बाराव्या दिवशी. वहिनींचा निरोप होता की हे काम तुमच्या हातून व्हावे. अस्थी घरात ठेवीत नाहीत, म्हणून मी ती कार्यालयातील कपाटात, रुईच्या नमुन्यांच्या वरच्या खणात ठेवली. उपाध्यायांना विचारले. ते म्हणाले, दहा दिवस उलटून गेले, आता योग्य तिथी बघावी लागेल. मी तिथी बघण्याचे ठरविले. हंगाम होता. जानेवारीच्या अखेरीस तुझ्या हस्ताक्षरातले कार्ड आले की, 'आई विचारते, काम झाले का.' तो रविवार होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होतो. तेव्हा उत्तर आजच लिहून टाकावे, उद्या काम होईलच, असा विचार करून मी लिहिले की कार्य यथाविधी पार पडले. मी वेळ लिहिली, बाजू लिहिली, पायरी लिहिली. न झालेल्या गोष्टीचेही मी तपशील दिले, कारण तपशिलावाचून लिहिण्याची मला सवय नाही. पत्र टपालात टाकले. सोमवारी इंजिनचा पट्टा तुटला आणि जाणे झाले नाही. मंगळवारी जाता आले असते. परंतु पत्र गेले होते, आणि पत्र गेल्यामुळे काम झाल्यासारखेच मला वाटू लागले. पुढे अधिक चैत्र आला, तेव्हा उपाध्यायांनीच थांबण्यास सांगितले. त्यानंतर कोणी सांगितले नाही आणि मी कोणाला विचारले नाही.

हे सर्व खरे आहे, पण हे कारण नव्हे. ती पुरचुंडी पाण्यात सोडली असती तर दादांचे आणि माझे भांडण त्यांच्या शब्दावर संपले असते. मला त्यांना उत्तर द्यावयाचे होते. मी बारा वर्षे ते तयार करीत होतो. दर दिवाळीला ते कपाट मी स्वतः साफ करतो, चाकराला उघडू देत नाही. पुरचुंडी उचलतो, खालची धूळ पुसतो, परत ठेवतो. एवढाच आमचा संबंध राहिला होता.

यातले बरेचसे मी काल त्या पायरीवर वहिनींना सांगितले. त्या रडल्या नाहीत. मला वाटते त्यांनी मध्येच ऐकणे थांबविले असावे, कारण मी बोलत असता त्यांनी एकदम विचारले, "कपाटाले कुलूप हाये का?"

"आहे. किल्ली माझ्याजवळ असते."

"उंदीर-घुशी?"

"लोखंडी कपाट आहे."

"बारा वर्सं," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून, "जिते होते तवा एका जागी घटकाभर बसत नव्हते. तुमी बसवलं त्याहीले." त्यांच्या तोंडावर काय होते ते मला सांगता येत नाही. धुके होते आणि त्यांचा डावा डोळा माझ्याकडे होता.

नंतर त्या म्हणाल्या, "दिवाळीले कपाट पुसत होते म्हनता. तवा काय म्हनत होते त्याहीले?"

"काही नाही."

"हो. अबोलाच होता तुमचा."

चढताना त्यांनी माझा हात घेतला नाही. त्यांनी पायऱ्यांवर हात टेकून चढणे पसंत केले. मी मागे राहिलो.

जिनला रविवारची सुटी होती. मी कुलूप काढले. पुरचुंडी पांढऱ्या मांजरपाटाची होती, ती पिवळी पडली आहे. गाठ किसनसिंगाने बांधली होती तीच आहे. वहिनींनी ती दोन्ही हातांत घेतली आणि वजन बघितल्यासारखी थोडी वर उचलली. म्हणाल्या, "हलके झाले." टांग्यात त्यांनी ती मांडीवर घेतली. मी टांगेवाल्याजवळ पुढे बसलो. घरी आल्यावर त्या आत शिरल्या नाहीत. अंगणात कडुनिंब आहे, त्याच्या खालच्या फांदीला त्यांनी ती स्वतः बांधली. मी हात पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "राहू द्या." तुझ्या काकूला सर्व सांगावे लागले. ती माझ्याशी कालपासून कामापुरतेच बोलते. वहिनींशी मात्र फार बोलते. दोघी त्या झाडाखाली बसून तूर निवडीत आहेत. मधूनमधून वहिनी वर बघून काही सांगतात, आणि घरातल्या माणसाला सांगावे तसे सांगतात. आज सकाळी मी ओट्यावर उभा असता त्या म्हणाल्या, "गुरं बसत होते त्या आखरात वांगे लावले यंदा, गोमतीच्या सासऱ्यानं बी नेले." मला वाटले मला सांगत आहेत, म्हणून मी 'अस्सं' म्हणालो. त्या मला सांगत नव्हत्या.

मी आज सकाळीच उपाध्यायांना गाठून बुधवारची तिथी विचारून आलो. वहिनींना सांगितली. त्या नको म्हणाल्या. "आता तुमच्या तिथीनं नाही. गोमती येईन, मंग." मग मी म्हणालो की मी तुला तार करतो.

"तार नोको. पत्र लिवा. तुमचं पत्र तिनं वाचलं होतं, बारा वर्सांचं लेकरू. मले वाचून दाखवलं आन मंग मांगच्या खोलीत जाऊन झोपली, जेवली नाही. आता बी तुमीच लिवा. सगळं लिवा. मी सांगनार नाही तिले."

मी विचारले, "आणि जुने पत्र?"

"ते माह्यं हाये," त्या म्हणाल्या. ते त्यांनी परत दिलेले नाही. मी मागणारही नाही.

एक गोष्ट मी दुपारी धीर करून विचारली. कुंडावर अस्थी कोणी सोडाव्यात, हे विचारले नाही. ते काम तुझे आहे, आणि मुलीने करू नये असे कोणी उपाध्याय म्हणाला तर त्याला मी बघून घेईन. मी इतकेच विचारले की त्या वेळी मला तेथे उभे राहता येईल का. वहिनींनी तूर पाखडण्याचे थांबविले नाही. "मले काय इचारता. गोमतीले इचारा."

म्हणून विचारीत आहे. मंगरूळपीरहून सकाळची मोटार येथे साडेदहाला येते. तू शनिवारी येऊ शकत असशील तर स्टँडवर तुझी काकू येईल, मी येणार नाही. घरी आलीस म्हणजे झाड समोरच दिसेल. मी त्या दिवशी जिनमध्ये असेन. तू बोलाविलेस तर येईन आणि सांगशील तेथे उभा राहीन, घाटाच्या वर म्हणालीस तर वर. तू बोलाविले नाहीस तर तुमचे काम आटोपून वहिनी घरी परत येईपर्यंत मी तेथून हलणार नाही. हे मी रागाने लिहीत नाही. दादांनी येऊ नकोस म्हटले तेव्हा परत जाणे माझ्या हाती होते आणि मी ते केले नाही. आता येणे माझ्या हाती राहिलेले नाही, हे मला मान्य आहे.

तू मला क्षमा करावीस असे मी या पत्रात कोठेही लिहिलेले नाही. पुन्हा वाचून खात्री करून घेतली. येऊ की नको, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. ते एका शब्दाचे असले तरी चालेल.

तुझ्या वडिलांचा धाकटा भाऊ,
दौलत